साच्या शेजारी कोण राहतं?

मोहरीच्या जागी मेथी पडली आणि आमटी कडू झाली.

शाळेत प्रार्थनेला मुलांना उंचीप्रमाणे उभं करतात. त्यामुळे अबोलीच्या शेजारी रोज अशी एक मुलगी असते, जिच्याशी ती अजून एकदाही बोललेली नाही.

भरती आली की घर वर जातं. ओहोटी लागली की खाली येतं.

एका बटणावर काळा मणी चिकटवलेला आहे.

थोरले आजोबा आधी जाळ्याची गाठ विसरले. मग जाळं विसरले. शेवटी समुद्र.

वादळात खाडीखालची तार तुटली आहे. बाहेरच्या जगाला काही विचारायची सोय नाही.

तुमच्या पायजम्याची नाडी तुम्ही कशी बांधता? हात न हलवता, नुसत्या तोंडाने सांगून बघा.


सा

अबोली दहा वर्षांची होती आणि तरंगवस्तीत राहायची. समुद्र वर चढला तेव्हा किनाऱ्यावरची पुष्कळ गावं डोंगरावर गेली. अबोलीच्या गावाने मात्र ठरवलं, आपण पाण्यातच राहू. त्यांनी घरं मोठ्या पोकळ पिंपांवर बसवली आणि खाडीत सोडली. चार कोपऱ्यांना चार खांब. घर त्यांना धरून वर-खाली सरकतं. पाहुण्यांना पहिल्या दिवशी मळमळतं. अबोलीला उलट डोंगरावर मावशीकडे झोप येत नाही, कारण तिथलं घर श्वास घेत नाही.

पप्पा जहाजावर होते, त्यामुळे घरात तेव्हा चौघं. आई वस्तीतल्या सौरछपरांची दुरुस्ती करायची. आईचे वडील, म्हणजे आजोबा, यशवंत तांडेल, यांनी आयुष्यभर समुद्रातले आवाज मोजले होते. कोणता मासा कसा गुरगुरतो, झिंगे कसे कटकट करतात, हे त्यांना पाण्यात न उतरता कळायचं. आणि चौथा रांगोबा. रांगोबा हा यंत्रमानव. त्याच्या छातीवरच्या पाटीवर भलतंच लांब नाव होतं, पण पूर्वी तो जिल्ह्याच्या ग्रंथालयात पुस्तकं रांगेने लावायचा आणि घरी आल्यावरही त्याची ती खोड गेली नाही, म्हणून अबोलीने त्याचं नाव रांगोबा ठेवलं.

आजोबांकडे एक जुनं अकॉर्डियन होतं. अकॉर्डियन म्हणजे गळ्यात अडकवायची पेटीच म्हणा. मधे भाता (घड्याघड्यांची हवेची पिशवी). भाता ताणला, दाबला की हवा रीडवरून (हवा लागली की थरथरणारी धातूची बारीक जीभ) जाते आणि सूर निघतो. उजव्या हाताला पियानोसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, त्यांवर गाण्याची चाल वाजते. डाव्या हाताला नुसती बटणं, एकसारखी, गोल, पांढरी. त्यांवर खालचे जाड सूर वाजतात आणि चालीला आधार देतात.

गंमत अशी, की डावा हात एका पट्ट्याखाली अडकवलेला असतो आणि बटणांचं तोंड बाहेरच्या बाजूला. वाजवणाऱ्याला ती कधीच दिसत नाहीत. सगळं चाचपून. म्हणून मालन आजीने, ती होती तेव्हा, मधल्या एका बटणावर आपल्या मंगळसूत्रातला एक मणी चिकटवून दिला होता. मणी बोटाला लागला की समजायचं, हा सा. आपण घरी आलो.

त्या दिवशी आजोबा रत्नागिरीहून मोतीबिंदूचं ऑपरेशन करून परत आले होते. डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडावर हसू.

“अबोले, तुझ्या नाकावर तीळ आहे गं! कधीपासून?”

“जन्मापासून, आजोबा.”

“अरे वा. मला आजच कळवलंस.”

संध्याकाळी ओहोटी लागली तसं त्यांनी अकॉर्डियन गळ्यात घेतलं. रोज ओहोटीला ते एकच चाल वाजवायचे, आजीसाठी स्वतः बांधलेली. घर हळूहळू खाली उतरायचं आणि चालही. अबोली पायरीवर येऊन बसली.

उजवा हात सुरू झाला. तीच गोड चाल. मग डाव्या हाताने मणी शोधला, दाबला. सा. बरोबर. मग डावा हात शेजारच्या बटणाकडे गेला, आणि असा आवाज आला, जसं कुणीतरी चालताना पायरी चुकून धपकन खाली यावं.

आजोबा थांबले. पुन्हा सुरुवात. मणी, सा. शेजारी... पुन्हा तेच. खालच्या बाजूला गेले, तिथेही भलतंच.

त्यांनी तीनदा प्रयत्न केला. मग भाता मिटला, पट्टा लावला. 

“दादाचंही असंच झालं होतं,” ते म्हणाले. “पहिल्यांदा हात विसरतात.”


प

रात्री जेवताना आजोबा आईला म्हणाले, “उद्या दुपारच्या भरतीला टपालहोडी येईल ना? अकॉर्डियन शाळेला पाठवून दे. तिथली मुलं वाजवतील.”

“बाबा, एका दिवसात काय झालं एवढं?”

“सा सापडतो, सुलू. मणी आहे ना. पण साच्या पुढे सगळं पुसलंय. घरच्या दारात उभा आहे आणि शेजारी कोण राहतं तेच आठवत नाही, असं.” त्यांनी ताटातला भात चिवडला. “ते समोर असलं की रोज आठवण होईल की आठवत नाही. त्यापेक्षा गेलेलं बरं.”

आमटी कडू झाली होती, तरी सगळ्यांनी ती तशीच संपवली.

थोरल्या आजोबांचं, म्हणजे आजोबांच्या दादाचं, अबोलीला सगळं माहीत होतं. शेवटी शेवटी ते अबोलीला ‘ताई’ म्हणायचे आणि आपली होडी कुठे बांधली आहे असं विचारायचे. आजोबांनी तसं व्हायला नको होतं. कुणीही झालं तरी आजोबांनी नाही.

पण तिच्या डोक्यात एक गोष्ट खटकत होती. उजवा हात एकदाही चुकला नव्हता. विसरायचंच तर माणूस अर्धंच कसं विसरेल?

सकाळी आजोबा बाहेर, होड्या लागतात त्या फळीवर, बसले होते तेव्हा तिने हळूच अकॉर्डियन उघडलं. ते एवढं जड होतं की तिने ते मांडीवर न घेता चटईवरच ठेवलं. एका हाताने भाता ओढायचा, दुसऱ्या हाताने बटण दाबायचं. अबोली पेटी शिकत होती, त्यामुळे सूर तिला ओळखता यायचे.

मणी: सा. त्याच्या वरचं बटण: कोमल रे. त्याच्या वर: रे. मग कोमल ग, ग, म. मण्याच्या खाली: नी. त्याच्या खाली कोमल नी.

अगदी तिच्या पेटीसारखंच! एकापुढे एक, क्रमाने, कुठेही गडबड नाही.

म्हणजे अकॉर्डियन बरोबर होतं.

म्हणजे चूक आजोबांचीच होती.

तिने अकॉर्डियन मिटलं आणि त्याच्यावर गाल टेकून बसून राहिली.


रे

“रांगोबाऽऽ!”

आईची हाक ऐकून अबोली स्वयंपाकघरात धावली. आईच्या हातात मिसळणाचा डबा होता. फोडणीच्या सात वाट्यांचा तो गोल डबा.

“हा डबा कुणी लावला?”

“मी, सुलभाताई,” रांगोबा अभिमानाने म्हणाला. “अकारविल्हे. जिरे, तिखट, धने, मेथी, मोहरी, हळद, हिंग. पूर्वी काहीच क्रम नव्हता.”

“क्रम नव्हता? अरे बाबा, मोहरी तडतडली की जिरं, जिऱ्यानंतर हिंग, हिंगानंतर हळद. फोडणीत जे एकामागून एक पडतं, ते डब्यात शेजारी शेजारी. तेल तापलेलं असताना मी काय डब्यात डोकावून बघत बसू? बघत नाही मी. हात जातो. काल हात गेला आणि मोहरीच्या जागी मेथी आली.”

“मेथी आणि मोहरी दोन्ही ‘म’च्याच,” रांगोबा पुटपुटला.

“पुन्हा डब्याला हात लावलास ना, तर तुझे स्क्रू अकारविल्हे लावीन!”

अबोली दारातच थांबली होती. बघत नाही मी. हात जातो.

“रांगोबा,” तिने विचारलं, “आजोबा रत्नागिरीला गेले होते तेव्हा तू अजून काय काय लावलंस?”

“चपला, मापाप्रमाणे. दोऱ्या, जाडीप्रमाणे. आणि आजोबांच्या वाद्याची डावी बटणं.”

आईने डबा खाली ठेवला.

“दमट हवेने ती अडकत होती,” रांगोबा सांगू लागला. “प्रत्येक बटणाच्या मागे एक बारीक सळई असते. मी सगळ्या सळया काढल्या, पुसल्या, उन्हात वाळवल्या. परत बसवताना एकेक सूर ऐकला. भलतेच विस्कटलेले होते! साच्या शेजारी रे नाही, रेच्या शेजारी ग नाही. मी त्यांना चढत्या क्रमाने लावलं. आता ते शहाण्यासारखे उभे आहेत.”

“आणि मण्याचं बटण?”

“ते होतं तिथेच ठेवलं. खूण घातलेलं पुस्तक जागेवरून हलवायचं नाही, हा ग्रंथालयाचा पहिला नियम.”

म्हणजे सा जागेवर आणि शेजारी सगळे बदललेले! म्हणूनच मणी लागायचा, सा वाजायचा आणि आजोबांना वाटायचं वाद्य ठीक आहे. अबोली तशीच उलट्या पावली पळाली. फळीवर जाऊन तिने आजोबांच्या गळ्याला मिठी मारली.

“आजोबा, तुम्ही नाही विसरलात! अकॉर्डियन विसरलंय!”

तिने आजोबांना सगळं सांगितलं. मग त्यांनी काळा चष्मा काढून डोळे पुसले.

“ऑपरेशनचं पाणी आहे,” ते म्हणाले. “डॉक्टरांनी सांगितलंय, येतं म्हणून.”


ध

“बरं, मग आता परत पहिल्यासारखं लाव,” अबोलीने रांगोबाला सांगितलं.

रांगोबाच्या डोळ्यांचे दोन्ही दिवे मंद झाले. “पहिली मांडणी माझ्याकडे नाही. अव्यवस्था मी साठवून ठेवत नाही.”

“कुणाला तरी विचार ना!”

“वादळापासून खाडीखालची तार तुटलेली आहे.”

अबोली आजोबांकडे वळली. “आजोबा, तुम्हीच सांगा. साच्या वर कोण राहायचं?”

आजोबांनी डाव्या हाताची बोटं उघडमीट केली. “अगं, मला बटणांची नावं कधी माहीतच नव्हती. एका बोटीवरच्या खलाशाने हात धरून शिकवलं, ‘इथून इथे, इथून इथे’. विचारलंस की सगळं पळतं. तू तुझ्या पायजम्याची नाडी कशी बांधतेस, सांग बघू.”

“एक टोक असं... म्हणजे ते दुसऱ्याच्या... थांबा हं...” अबोलीची बोटं आपोआप हलू लागली.

“बघ! हाताला ठाऊक, तोंडाला नाही.”

अबोलीने स्वतःच्या हलणाऱ्या बोटांकडे बघितलं. मग अबोली हळूच म्हणाली, “मग हातालाच विचारू या.”

पण कशावर? अकॉर्डियनवर वाजवलं तर चुकीचे सूर ऐकून हात बिचकायचा. उशीवर बोटांना काहीच कळेना, ती फार मऊ होती. शेवटी अबोली आजोबांच्या पुढ्यात पाठमोरी बसली.

“माझ्या पाठीवर वाजवा. मधला मणका म्हणजे मणी.”

रांगोबाने ग्रंथालयातली अजून एक खोड सोडली नव्हती: घरात जे जे चांगलं ऐकू येईल ते तो साठवून ठेवायचा. आजोबांची ओहोटीची चालही त्याच्याकडे होती, रत्नागिरीला जायच्या आधीची, डाव्या हाताच्या सगळ्या सुरांसकट. त्याने ती लावली. जुनं अकॉर्डियन त्याच्या छातीतून वाजू लागलं. आजोबांनी डोळे मिटले आणि डावा हात नातीच्या पाठीवर ठेवला.

सुरुवातीला बोटं नुसतीच चाचपडत होती. मग मणक्यावर एक बोट आलं. टप्. त्या क्षणाला चालीत वाजला सा.

दुसरं बोट, एक घर (एका बटणाएवढं) वर, मानेच्या बाजूला. टप्. चालीत वाजला प.

“प!” रांगोबा ओरडला.

“हळू रे,” अबोली पुटपुटली. तिला गुदगुल्या होत होत्या आणि रडूही येत होतं.

पुन्हा सा. मग अजून एक घर वर, प च्याही वर. तिथे रे. मग मणक्याच्या खाली एक घर. तिथे म. चालीत एकदा हात लांब वर गेला, रेच्याही वर, आणि तिथे ध होता. बोटं आता अजिबात थांबत नव्हती. ती नाचत होती. अबोलीला डोळे मिटूनही कळत होतं, आता वर जाणार, आता घरी येणार.

चाल संपली तेव्हा रांगोबाने सूर टिपलेली पाटी दाखवली. खालून वर अशी घरं होती:

म, सा, प, रे, ध.

“पाच घरं सापडली,” तो म्हणाला. “एकूण बारा. बाकीच्या घरांत हात गेलाच नाही. त्या घरांना मी काय करू?”


ग

अबोलीने पाटी मांडीवर घेतली. म, सा, प, रे, ध. खरंच विस्कटलेलं दिसत होतं. रांगोबाचं काय चुकलं म्हणा!

ती पेटीपाशी गेली. सा दाबला, मग प. गुरुजी रोज म्हणायला लावायचे तसं मोजलं: सा, रे, ग, म, प. पाचवा. म्हणून तर त्याला पंचम म्हणतात.

मग प वरून मोजलं. प, ध, नी, सा, रे. पाचवा रे!

रे वरून. रे, ग, म, प, ध. पाचवा ध!

खालून बघू. म, प, ध, नी, सा. मचा पंचम सा!

“आजोबा! प्रत्येकाच्या वरच्या घरात त्याचा पंचम राहतो!”

“म्हणजे ध च्या वर?” आजोबांनी विचारलं.

अबोलीने पेटीवर शोधलं. “ग. ग च्या वर नी. नी च्या वर... नुसता म नाही जुळत, किंचित चढा लागतो. तीव्र म. आणि सगळ्यात खाली म. म च्या खाली असा कुणीतरी, ज्याचा पंचम म आहे... कोमल नी!”

“हे झालं तुझं अनुमान,” आजोबा म्हणाले. अनुमान म्हणजे विचार करून बांधलेला अंदाज. त्यांचा आवाज आता शास्त्रज्ञाचा झाला होता. “अनुमान गोड असतं, म्हणून खरं असतं असं नाही. तपासायचं कसं?”

अबोलीने विचार केला. “तुम्ही वाजवलेलं दुसरं गाणं हवं. ज्यात कोमल नी आहे. आणि मी रांगोबाच्या पाटीवर आधीच लिहून ठेवते, की हात कुठे जाणार.”

रांगोबाला शिमग्याचं एक गाणं सापडलं. अबोली पुन्हा पाठमोरी बसली. तिने आजोबांना काही सांगितलं नाही, नाहीतर हाताला कळलं असतं. गाणं सुरू झालं. टप्, टप्. सा, म, सा, म. मग, ज्या क्षणी कोमल नी वाजला, त्या क्षणी आजोबांचं बोट मणक्याखाली दोन घरं उतरलं.

रांगोबाने पाटी फिरवली. तिथे अबोलीने लिहून ठेवलं होतं: खाली, दोन घरं.

“बरोबर,” तो म्हणाला. आणि जरा थांबून, “मी मांडणी बघितली, पण तिच्यातलं नातं बघितलं नाही.”


नी

रांगोबाने सळया काढायला घेतल्या. भरती चढू लागली होती आणि घर वर सरकत होतं. आई पोहे घेऊन आली. फोडणीत मोहरी होती.

“पण पंचमच का?” अबोलीने विचारलं. “रे साच्या जास्त जवळ आहे. तोच शेजारी का नको?”

आजोबांनी ताटली बाजूला ठेवली. “आवाज म्हणजे काय?”

“हवेची थरथर.”

“एका सेकंदात किती वेळा थरथर, ती कंपनसंख्या. चढा सूर, जास्त कंपनं. आता हे बघ.” त्यांनी डाव्या हाताने फळीवर दोन टिचक्या मारल्या. “सा दोनदा थरथरतो, तेवढ्या वेळात प तीनदा.” मग दोन्ही हात एकदम सुरू केले, डावा दोन, उजवा तीन. टक्, टटक्, टक्. “ऐक, दर वेळी पहिली टिचकी एकत्र पडते. पुन्हा पुन्हा भेटतात दोघं. म्हणून कानाला वाटतं, हे एकाच घरातले. सा आणि रे भेटायला फार उशीर लावतात. शेजारी उभे असतात, पण बोलत नाहीत.”

“प्रार्थनेच्या रांगेसारखं,” अबोली म्हणाली.

“तसंच. पेटीवर सूर उंचीप्रमाणे उभे असतात. इथे नात्याप्रमाणे बसतात. गाण्याच्या आधाराला सगळ्यात जास्त लागतात सा, प आणि म. तर सा मधे, प वर, म खाली. न बघता हात पोचतो.”

“मिसळणाच्या डब्यासारखा!” आई म्हणाली. “हे मला कुणी विचारलंच नाही.”

अबोलीने पाटीवर पंचमाचे पंचम लिहीत नेले. तीव्र मनंतर कोमल रे, मग कोमल ध, कोमल ग, कोमल नी, म, आणि मग... “आजोबा! पुन्हा सा आला! बारा घरं झाली आणि मी घरी आले!”

“केसभर पुढे आलीस,” आजोबा हसले. “दोनाला तीन हा हिशेब अगदी काटेकोर धरला तर बाराव्या उडीला किंचित चुकतं. तो केसभर फरक बाराही घरांत थोडा थोडा वाटून टाकतात. कुणालाच जड होत नाही.” मग ते स्वतःशीच म्हणाले, “जन्मभर माशांचे आवाज मोजले आणि मांडीवर काय आहे ते नातीने सांगितलं.”

प्रत्येक घरात चार बटणं होती, आडव्या ओळीत. रांगोबा एकेक बसवत होता आणि आजोबा ओळख करून देत होते. साच्या घरात एक खुद्द सा. त्याच्या आतल्या बाजूला ग, साच्या सोबतीला. बाहेरच्या बाजूला मेजर कॉर्ड (सा, ग, प हे तीन सूर एकदम), तो उजेडासारखा वाटतो. आणि त्याच्याही बाहेर मायनर कॉर्ड (त्यातला ग कोमल), तो जरा सांजवेळेसारखा. प च्या घरातही हेच चौघं, प च्या नात्याने. प्रत्येक घरात तसंच.

शेवटची सळई बसली तेवढ्यात टपालहोडी फळीला लागली. तिला चालवणारं कुणी नसतं; ती स्वतःच येते आणि स्वतःच बोलते.

“यशवंत तांडेल यांचं एक जड पार्सल आहे, असं फळीवर खडूने लिहिलंय.”

आजोबांनी अबोलीकडे बघितलं. अबोलीने आईकडे. आईने आत जाऊन मेथीची वाटी आणली, मेथी पुडीत बांधली आणि होडीच्या खणात ठेवली.

“डोंगरावर माझ्या बहिणीला दे,” ती म्हणाली. “तिला लागते.”

“पार्सल जड नाही,” होडी म्हणाली आणि निघून गेली.


तीव्र म

ओहोटी लागली. आजोबांनी अकॉर्डियन गळ्यात घेतलं.

डावा हात पट्ट्याखाली गेला. मणी. सा. मग बोट वर सरकलं.

प.

खाली म. वर रे. चाल सुरू झाली आणि घर तिच्याबरोबर खाली उतरू लागलं. रांगोबाचे दिवे तालावर मिणमिणत होते.

“गा,” आजोबा म्हणाले.

“ही पट्टी मला फार खाली पडते.”

“मग वर घेऊ. बघ गंमत.” उजव्या हाताला थोडा वेळ विचार करावा लागला, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर सा बदलला की बोटांची सगळी रचना बदलते. डावा हात मात्र नुसता दोन घरं वर सरकला, आणि तिथे त्याच आकारात, त्याच उड्या मारत वाजवू लागला. “कुठलाही सा धर. त्याच्या वर त्याचा पंचम, खाली त्याचा मध्यम. शेजार सगळीकडे सारखाच. एक गाणं आलं की बाराही घरांत आलं.”

अबोली गायली. आवाज एकदा फाटला, पण कुणी थांबलं नाही.

चाल संपल्यावर आजोबांनी भाता मिटला. पाणी पिंपांवर हळू आपटत होतं.

“अबोले, या वेळी अकॉर्डियन विसरलं होतं. पण कधीतरी मी खरंच विसरलो तर?”

अबोलीने थोडा विचार केला. खोटं सांगायचं नव्हतं.

“तर मी तुमचा हात धरून सांगीन. इथून इथे, इथून इथे. माझ्या पाठीवर आहे ना सगळं.”

आजोबांनी तिच्या पाठीवर, बरोबर मधल्या मणक्यावर, एक बोट ठेवलं. टप्.

तार जोडली गेल्यावर रांगोबाने जुन्या ग्रंथालयाला कळवलं, की पुस्तकं लावायची अजून एक पद्धत असू शकते: ज्या पुस्तकांना एकमेकांशी बोलायला आवडेल, ती शेजारी ठेवायची. ग्रंथालयाने उत्तर दिलं, की एका कपाटापुरतं करून बघायला हरकत नाही. आणि सोमवारी शाळेत, प्रार्थना संपल्यावर, अबोलीने शेजारच्या मुलीला विचारलं, “तू कुठे राहतेस गं?”


म (साच्या खालचं घर)

मालन आजीला अकॉर्डियनचा आवाज मुळीच आवडत नसे. पण आजोबांना सा सापडावा म्हणून मंगळसूत्रातला मणी तिनेच काढून दिला होता.